पगार सरांची पुस्तकं ऐकणारी

संगीता आहेर यांचं नाव सगळ्यात आधी लिहून टाकते. मागाहून लिहायचं ठरवलं तर माझंच पुराण लांबेल आणि त्यांना शेवटी दोन ओळींत उरकावं लागेल. संगीताताई विमा एजंट आहेत. नाशिकरोडला राहतात. बावीस वर्षं झाली, स्कूटरवर फिरून लोकांचे विमे उतरवतात. मी ज्यांच्याकडे काम करते त्या पगार सरांनी एजंट लोकांबद्दल पुस्तकात जे जे लिहिलंय ते ताईंना पान क्रमांकासकट पाठ आहे. तरी वेळ आली तेव्हा त्यांनी मला दारातून परत पाठवलं नाही. त्या नसत्या तर देवळाली कॅम्पातल्या एका शिंप्याचा विमा माझ्या चुकीमुळे कायमचा गेला असता.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, तुमच्या कामाविषयी लिहा. मी विचारलं, कोणत्या? कारण माझ्या कामाला नाव नाही. हजेरीवहीत ‘कार्यालय सहायक’ लिहिलेलं असतं. सिडकोतल्या शेजारणींना मी ‘ऑफिसात असते’ एवढंच सांगते. खरं काम असं आहे की पगार सर पैशाविषयी पुस्तकं लिहितात, लिहिलेलं मला वाचून दाखवतात आणि मी ऐकते. याचे मला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात. हे गावी सांगितलं तेव्हा माझी आई म्हणाली, “बाई गं, नुसतं ऐकायचे पैसे? मग मी तुझ्या बापाचं इतकी वर्षं फुकटच ऐकलं.”

माझं गाव देगलूरकडचं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. नाशिकहून तिकडे जायचं म्हणजे रेल्वे, मग एसटी, मग जीप. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झालं, नवरा अंबडच्या कंपनीत लागला, म्हणून नाशिकला आले. कॉलेज रोडवर सरांचं ऑफिस झाडायला-पुसायला लागले. एकदा मी फरशी पुसत होते आणि सर खुर्चीत बसून स्वतःलाच एक पान मोठ्यानं वाचून दाखवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “कळलं का गं काही?”

मी म्हटलं, “नाही.”

“काहीच नाही?”

“सुरुवातीला वाटलं होतं कळंल. मग तुम्ही लई लांब गेलात.”

सरांनी ते पान फाडलं. मला वाटलं, गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी टेबलासमोर माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. तेव्हा खरं बोलणं सोपं होतं. गमवायला फक्त एक फडकं होतं.

सरांविषयी थोडं सांगते. ज्यांनी त्यांची पुस्तकं वाचली आहेत त्यांचं मत आधीच ठरलेलं असणार, बरं तरी किंवा वाईट तरी. मधलं मत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सर कळवण तालुक्यातले. पगार हे त्यांचं खरं आडनाव आहे, पुस्तकासाठी घेतलेलं नाही. एका सहकारी बँकेत एकोणीस वर्षं ते कर्जाच्या टेबलावर बसले. लोक न वाचता सह्या करतात हे बघून बघून त्यांचं डोकं फिरलं, असं ते सांगतात. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस सांगतात की बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून फिरलं. दोन्ही खरं असेल. नोकरी सोडून त्यांनी पहिलं पुस्तक लिहिलं, कर्ज काढून घर घेऊ नका, भाड्यानं राहा. बिल्डर लोक चिडले. दुसरं लिहिलं, लग्नात खर्च करू नका आणि सोनं घेऊ नका. सराफ बाजार चिडला आणि मंगल कार्यालयवालेही चिडले. त्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला एकही हॉल मिळेना. तारीख विचारली की मॅनेजर म्हणायचा, “त्या दिवशी लग्न आहे.” पितृपक्षातली तारीख विचारली तरी लग्नच होतं. शेवटी पंचवटीतल्या एका तालमीत कार्यक्रम झाला आणि लोकांनी मातीत सतरंज्या टाकून ऐकलं.

स्वतः सर गंगापूर रोडला बंगल्यात राहतात. व्याख्यानात कोणीतरी ते विचारतोच. सरांचं उत्तर ठरलेलं, “बंगला हिच्या नावावर आहे. मी तिथे भाड्यानं राहतो.” तालमीतल्या त्या कार्यक्रमात काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “भाडं अजून आलेलं नाही.” सगळी तालीम हसली. सरही हसले, पण रिक्षात बसल्यावर बंगला दिसेपर्यंत बोलले नाहीत.

ऑफिसात सल्ला मागायला लोक यायचे. लासलगावहून एक कांद्याचे व्यापारी दर वर्षी येत. पुस्तकावर सही घेत, पेढे देत आणि मग हळूच मुद्द्यावर येत. “सर, बाकी सगळं मान्य. फक्त एक सांगा, कांदा आता काढू का अजून धरून ठेवू?” सर त्यांना महागाई, जोखीम, दीर्घ मुदत असं सगळं समजावत. ते शांतपणे ऐकत आणि म्हणत, “ते झालंच. पण काढू का धरू?” तीन पुस्तकं लिहिलेला माणूस त्या प्रश्नाला कधी उत्तर देऊ शकला नाही. एका वर्षी त्यांनी वळून मलाच विचारलं, “ताई, तुम्ही सांगा.” मी म्हटलं, “अर्धा काढा.” त्यांनी काढला असावा, कारण पुढच्या वर्षी माझ्यासाठी पेढ्यांचा वेगळा पुडा आला.

आता आमची कामाची पद्धत. सर वाचत. मला जिथे कळत नसे तिथे थांबवायचं होतं. पण वयानं मोठ्या, शिकलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मग सरांनी मला लाकडी पट्टी दिली. “तोंडानं बोलू नकोस. टेबलावर वाजव.” शाळेत पट्टी माझ्या हातावर बसायची, इथे ती मीच वाजवायची होती. पट्टी वाजली की सर समासात फुली मारत आणि ते वाक्य नव्यानं लिहीत. एका प्रकरणात सात-आठ वेळा वाजली की त्यांचं तोंड उतरे. पण ते म्हणत, “अनसूयाला कळलं की नाशिक जिल्ह्याला कळलं.” मला हे फार आवडायचं. आमच्या गावात माझं नाव घेऊन कोणी जिल्ह्याचं काही ठरवलं नव्हतं.

अडचण अशी की माणूस ऐकून ऐकून शहाणा होतो. तिसऱ्या पुस्तकापर्यंत मला बरंच कळायला लागलं. व्याज कसं वाढतं, महागाई पैसा कशी खाते, सगळं. एक दिवस सरांचा भाचा पुण्याहून आला होता. त्यानं मला एक आकडेमोड करताना पाहिलं आणि हसत म्हणाला, “मामा, ताई तर एक्स्पर्ट झाल्या. आता नवीन सातवी पास शोधा.” सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर मी महिन्याचा हिशेब मांडून बसले. खोलीचं भाडं माझ्या पैशातून जायचं आणि नवऱ्याची कंपनी कधीही ब्रेक देऊन त्याला घरी बसवायची. न कळणं हेच माझं काम होतं, आणि मला तर कळायला लागलं होतं.

म्हणून मी खोटी पट्टी वाजवायला लागले. जिथे मला व्यवस्थित कळलंय तिथेही टक्. सर थांबत, पुन्हा लिहीत. मला वाटे, चला, आजचा दिवस सुटला. हे लिहायला लाज वाटते, पण मग लिहायचं तरी काय?

तिसरं पुस्तक विम्यावर होतं. बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. विमा ढोबळमानानं दोन तऱ्हेचा. एकात तुम्ही हप्ते भरता, मुदत संपली की पैसे थोडेफार वाढून परत मिळतात, मध्ये माणूस गेला तर घरच्यांना काही रक्कम मिळते. दुसरा म्हणजे शुद्ध विमा. तो एसटीच्या तिकिटासारखा आहे. प्रवास सुखाचा झाला तर कंडक्टरकडे पैसे परत मागायचे नसतात. पण तिकीट स्वस्त आणि मध्ये काही झालं तर घरच्यांना मोठी रक्कम. सरांचं म्हणणं, पहिल्या तऱ्हेचा मोडा आणि दुसरा घ्या. त्या प्रकरणात मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘आजच मोडा.’ एजंट लोकांच्या कमिशनवर एक आख्खं पान होतं, पान एकशे बारा.

आणि त्याच्या पुढे एक वाक्य होतं. सर जिथे घाबरत तिथे त्यांची भाषा पुन्हा बँकेची व्हायची, हे मला आता माहीत आहे. वाक्य असं होतं, ‘नव्या संरक्षणाच्या स्वीकृतीपूर्वी विद्यमान संरक्षणाचा त्याग इष्ट ठरत नाही.’ मला ते कळलं नाही. एक शब्द नाही. पण त्या दिवशी मी आधीच पाच वेळा खोटी पट्टी वाजवली होती. सर वैतागून म्हणाले होते, “आज काय झालंय तुला? आता तरी पुढे जाऊ दे.” पट्टी हातात होती. मी ती मांडीवर ठेवली आणि मान हलवली. पुस्तक छापून आलं.

ते पुस्तक बाकी दोन्हींपेक्षा जास्त खपलं. मग एका मंगळवारी देवळाली कॅम्पातून बिरारी टेलर ऑफिसात आले. पन्नाशीचे, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. कॅम्पात लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवतात. दोन मुली, मोठी बारावीला. त्यांनी पुस्तकावर कव्हर घातलं होतं. चिडलेले नव्हते. ते चिडले असते तर मला एवढं लागलं नसतं.

“सर, माझंच कायतरी चुकलं असंल,” ते म्हणाले. “मी नववी नापास. तुम्ही लिहिलं तसं जुनी पॉलिसी मोडायचा फॉर्म दिला. यंदाचा हप्ता नाय भरला, तेच पैसे नव्या कंपनीत भरले. त्यांनी रक्त तपासलं. शुगर निघाली. आता ते म्हणतात, तुमचा विमा होणार नाय. पैसे पंधरा दिवसांनी परत देतील. मग आता पुढं काय करायचं, ते कोणत्या पानावर हाय?”

सरांनी पुस्तक घेतलं, ते वाक्य काढलं आणि बोट ठेवलं. “हे बघा. मी लिहिलं आहे. याच पानावर, स्पष्ट.”

बिरारींनी ते वाक्य ओठ हलवत तीनदा वाचलं. मग म्हणाले, “हो, लिहिलंय की. मीच बघितलं नाय.” आणि चक्क हात जोडले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “अनसूया, तुला कळलं होतं ना हे?”

मी म्हटलं, “हो.”

दुसऱ्यांदा खोटं बोलले. बिरारी जिना उतरायला लागले तशी मी चहाचं निमित्त करून खाली धावले आणि त्यांना फाटकाशी गाठलं. विचारलं, हप्ता कधीचा होता? म्हणाले, गेल्या महिन्यातला. तारीख उलटली तरी तीस दिवसांची सवलत असते, ती येत्या शुक्रवारी संपत होती. “पण आता सवलत घेऊन काय करू? मोडायचा फॉर्म गेला ना आहेर मॅडमकडं. वर त्यांना लय बोललो मी. तुमच्या सरांच्या पुस्तकातलंच वाचून दाखवलं.”

एवढं मला कळत होतं, ऐकून ऐकून शहाणी झाले होते ना. शुक्रवारच्या आत हप्ता भरला गेला तर जुना विमा तसाच चालू राहणार. एकदा बंद पडला तर पुन्हा सुरू करायला तपासणी मागू शकतात, आणि शुगर तर आता कागदावर आली होती. फॉर्म पुढे गेला असेल तर सगळंच संपलं. या माणसाला पुन्हा विमा कोणी देणार नव्हतं. उद्या काही झालं असतं तर दोन मुली आणि एक शिलाई मशीन, एवढंच मागे राहिलं असतं.

त्यांच्याकडून पत्ता घेऊन मी तशीच नाशिकरोडला गेले. संगीताताई ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. मी कुठून आले ते सांगितलं.

“पगाराकडची?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ये. चप्पल बाहेर काढ आणि पुस्तक असंल पिशवीत तर ते पण बाहेरच ठेव.”

मी सगळं सांगितलं. वाक्य, पट्टी, पाच खोट्या टकटकी, दोनदा बोललेलं खोटं. हे मी त्याआधी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ताई कोथिंबीर निवडत राहिल्या. मला वाटलं, आता ताई पेपरवाल्यांना फोन करणार. एजंट लोकांना असंच काहीतरी हवं होतं. सरांनी त्यांच्या पोटावर पाय दिला होता, वर एकशे बारा पान.

त्या उठल्या, स्कूटरची डिकी उघडली. आत रेनकोट, एक छत्री, औषधाच्या गोळ्या आणि फॉर्मांची एक घडी. वरचा फॉर्म बिरारींचा होता.

“दिलाच नाही तुम्ही पुढं?”

“रागात दिलेला फॉर्म मी महिनाभर डिकीत फिरवते,” ताई म्हणाल्या. “भांडण झालं नवरा-बायकोचं की मोडा पॉलिसी. पोरगं नापास झालं की मोडा पॉलिसी. महिना झाला की मी जाऊन विचारते, देऊ का? दहातले आठ म्हणतात, राहू द्या. तुझ्या सराचं पुस्तक वाचून दिलेला असला तर दोन महिने फिरवते. वाचल्याचा राग लवकर उतरत नाय.”

मी रडायला लागले. ताईंनी माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली. “रडायचं तर हे निवडत रड. अजून झालं नाय काही. हप्त्याचं काय करणार? त्याचे पैसे त्या कंपनीत अडकलेत. मी भरणार नाय, एजंटनं भरायचाच नसतो, नियम हाय. आणि एकाचा भरला की आख्खी गल्ली मागं लागते.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “आणि सराला तू सांगायचं. मी नाय सांगणार.”

बुधवारी मी सरांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. त्या दिवशी काकू ऑफिसात आल्या होत्या, आतल्या खोलीत हिशेब बघत होत्या. सरांनी पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “पट्टी आण.” मी आणली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“त्या प्रकरणात खोट्या किती?”

“पाच.”

“आणि खरी?”

“एक वाजवायची होती. वाजवली नाही.”

“म्हणजे तुझ्या सांगण्यावरून मी पाच बरी वाक्यं मोडली आणि जे मोडायचं ते ठेवलं.”

“हो सर.”

“कामून?” माझ्याच गावचा शब्द वापरून त्यांनी विचारलं. मी भाच्याचं बोलणं सांगितलं. सरांना ते आठवतही नव्हतं.

आतून काकूंचा आवाज आला, “तिला काय विचारताय? तुम्हाला तरी कळतं का ते वाक्य? सांगा बघू साध्या मराठीत.”

सरांनी पुस्तक उघडलं. एकदा वाचलं. “म्हणजे असं की, स्वीकृती म्हणजे जेव्हा…” आणि थांबले. पुन्हा वाचलं. एवढ्या वर्षांत समोरचं वाक्य त्यांना अडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पट्टी माझ्यापुढे सरकवली. नोकरीविषयी ते तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. मला आजही कधीकधी वाटतं की ते बोलायचं राहून गेलंय आणि एखाद्या दिवशी आठवेल त्यांना.

हप्त्याचा प्रश्न राहिलाच होता. सर सरळ पैसे देतो म्हणाले असते तर बिरारींनी ते घेतले नसते, हे मी त्यांना सांगितलं. गुरुवारी सर, मी आणि संगीताताई कॅम्पात त्यांच्या दुकानात गेलो. मी ताईंच्या मागे स्कूटरवर, सर रिक्षानं. ताई आणि सर पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि तिसरीकडे पाहिलं.

सर म्हणाले, “बिरारी, मला शर्ट शिवायचेत. बारा. शिलाई आणि कापड, सगळे पैसे आज देतो.”

“बारा?” ताई म्हणाल्या. “माणसाला पाच शर्ट पुरतात असं लिहिलंय ना तुम्ही? दुसऱ्या पुस्तकात, लग्नाच्या खर्चाच्या प्रकरणात.”

सर हात पसरून उभे राहिले. बिरारींनी टेप लावली.

“छाती नीट घ्या हो बिरारी,” ताई म्हणाल्या. “आत लय हवा हाय.”

सर तसेच हात पसरून म्हणाले, “मॅडम, हा हप्ता भरला की कमिशन मिळेल ना तुम्हाला?”

“मिळंल की. पान एकशे बारा.”

बिरारी तोंडात टाचण्या धरून हसायला लागले. मी घाबरून त्यांच्या टाचण्या काढून घेतल्या. ज्या माणसाचा विमा वाचवायचा तोच टाचणी गिळून जायचा.

शुक्रवारी सकाळी बिरारी स्वतः विमा कंपनीचं ऑफिस उघडायच्या आधी रांगेत उभे होते. पावती मिळाल्यावर त्यांनी ती आधी ताईंना दाखवली, मग मला. तो विमा महागडाच आहे, सर अजूनही तसंच म्हणतात आणि ते खोटं नाही. पण बिरारींना दुसरा मिळणार नव्हता, आणि ताईंनीही कधी तो स्वस्त आहे असं म्हटलं नव्हतं.

पुढे दुरुस्तीची चिठ्ठी छापायची ठरली. सरांनी चार मसुदे केले. मी चारही वेळा पट्टी वाजवली, सगळ्या खऱ्या. शेवटी ते म्हणाले, “तूच सांग मग.” मी म्हटलं, “नवी हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका.” तेच छापलं. गोदामातल्या प्रत्येक प्रतीत मी ती चिठ्ठी स्वतः खळीनं चिकटवली. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य पानातच आलं, मोठ्या अक्षरात. छापलेलं माझं एवढंच आहे.

पण विकून गेलेल्या प्रतींचं काय? बिरारी चालत आले म्हणून आम्हाला कळलं. जे आलेच नाहीत, ज्यांनी ‘माझंच चुकलं असेल’ म्हणून पुस्तक फळीवर ठेवून दिलं, ते किती असतील? व्याख्यानात सर आता हा किस्सा स्वतः सांगतात, स्वतःचं नाव घेऊन. लोक हसतात. मी मागे पुस्तकांच्या टेबलाशी उभी असते आणि त्यातलं कोण न हसता बसलंय ते बघते.

त्यावर जे काही करता आलं तेही संगीताताईंनीच केलं. त्यांनी आमच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून नेला आणि आपल्या ओळखीच्या एजंटांना वाटला. ज्या लोकांनी सरांच्या नावानं बोटं मोडली होती तेच सरांची चिठ्ठी घेऊन घरोघर गेले. सिन्नरला गेले, ओझरला गेले. काही ठिकाणी लोकांनी त्यांनाच हाकललं, एजंट नवीन काहीतरी गळ्यात मारायला आलाय म्हणून. मी ताईंना विचारलं, सरांसाठी एवढं कशाला करता?

“सरासाठी कोण करतंय?” त्या म्हणाल्या. “माझी माणसं हायेत ती.”

परवा त्यांना दिवाळीचा फराळ द्यायला गेले होते. बोलता बोलता म्हणाल्या, तुझ्या सरानं आमच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, आमच्या बाजूनं कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. बावीस वर्षं लोकांच्या ओट्यावर बसले, हप्ता मागायला पण गेले आणि माणूस गेल्यावर चेक द्यायला पण गेले. रिटायर झाल्यावर लिहीन म्हणते, पण मला कुठं येतंय लिहायला.

ताई, तेव्हा मी काही बोलले नाही, मला पटकन बोलायला सुचत नाही. म्हणून इथे लिहिते. तुम्ही लिहा. जसं येईल तसं लिहा आणि मला वाचून दाखवा. आठवड्याच्या सुट्टीला मी नाशिकरोडला येईन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बसेन, त्याचा एक पैसा घेणार नाही. सर रागावले तर रागावू देत. कळलं नाही तर तुमच्या तोंडावर सांगेन, कितीही वेळा सांगावं लागलं तरी. तुमचं माझ्यावर जे आहे ते मला दुसऱ्या कशानं फेडता येणार नाही, पण हे मला येतं, आणि हे मी फेडीन.